वेणूआत्याच्या नावाचा दाणा

आधी नाव वेणूआत्याचं. बाकी सगळं मागून.

आमच्यात रीतच तशी आहे. ज्याच्या आधाराने मांडव उभा राहिला त्याचं नाव पहिलं घ्यायचं. लग्न कुणाचं, ते नंतर. वेणूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. गव्हाणात जन्मली, गव्हाणातच दिली, आणि तिथून पार आपट्यापर्यंतच्या मांडवांमध्ये आयुष्यभर धवले गात राहिली. ती धवलारीण. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी सांगते. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत एक बाई पाटावर बसून गाते. हळद कुणी लावायची, दिवा कुणी धरायचा, पुढे कुणाला बोलवायचं, सगळं त्या गाण्यातून सांगितलं जातं. ते गाणं म्हणजे धवला. आता मांडवात डीजे असतो, हॉल असतो, फोटोवाल्याचा ड्रोन असतो. पण म्हाताऱ्या माणसांना अजून वाटतं की धवलारीण बसली नाही तर लग्न कुठेतरी कच्चंच राहतं.

मी आठवीत शाळा सुटलेली बाई. का सुटली ते राहू द्या, सुटली. आणि तरी परदेशात अकरा मुलांचा मराठीचा वर्ग माझ्या हातात होता, तो जाता जाता राहिला, आणि राहिला तो वेणूआत्यामुळे. हे कुठेतरी लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं. लिहिताना अजून भीती वाटते. वेलांटी चुकली तर कोणी तरी हसेल, असं सारखं वाटत राहतं. पण आत्याचं नाव वर लिहून झालंय, आता थांबता येणार नाही.

सुट्टीवर आलेय. वीस दिवस. त्यातले निम्मे पनवेलला आत्याकडेच गेले. ती आता मुलाच्या फ्लॅटमध्ये राहते, सातव्या मजल्यावर. गॅलरीतून कर्नाळ्याचा सुळका दिसतो, आणि डोक्यावरून विमानं जातात. विमान आलं की बोलणं थांबवायचं, गेलं की तिथूनच पुढे. आत्याला त्याचं काही वाटत नाही. मांडवात फटाक्यांची माळ लागली की ती अशीच तोंड मिटून बसायची आणि धूर विरला की त्याच ओळीतून पुढे जायची.

आतल्या खोलीच्या दारामागे खिळ्याला तिचं सूप टांगलेलं आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर रबर लावून. मी परवा ते काढलं आणि नाकाशी धरलं. हळद. खोबरेल तेल. जळून विझलेली वात. आणि तांदळाच्या कोंड्याचा तो कोरडा, गोडसर वास, ज्याला नाव नाही.

त्या वासात माझी सगळी लहानपणची लग्नसराई आहे. मिठागरात मीठ ओढायचे दिवस आणि लग्नाचे दिवस आमच्याकडे एकच. दिवसभर मिठाचा पांढरा उजेड डोळ्यांत खुपायचा, आणि संध्याकाळी खाडीच्या चिखलाचा वास वर यायला लागला की कुणाच्या तरी अंगणातून हळद कांडल्याचा आवाज यायचा. आंब्याच्या डहाळ्यांचा मांडव. खाली शेणाने सारवलेली ओलसर जमीन. चुलाण्यावर वाल शिजतायत, पलीकडे कोणी सुकट भाजतंय, आणि धुराने सगळ्यांचे डोळे लाल, त्यामुळे कोण रडतंय आणि कोण नाही ते कळायचं नाही. आम्ही मुली हातभर बांगड्या भरून घ्यायला पनवेलच्या बाजारात जायचो आणि येताना टेम्पोत मागे उभ्या राहून गात यायचो.

शाळा सुटल्यावर मी आत्याच्या मागे बसायला लागले. दिव्यात तेल घालायचं आणि ओळीचा शेवट उचलून झील धरायची, एवढंच माझं काम. आत्या पाटावर, पुढ्यात सूप, सुपात तांदूळ. ती नावं घ्यायची. आधी गावदेवीचं, मग खाडीचं, मग घरातल्या गेलेल्या माणसांचं, मग नवरीच्या मामाचं, मग आत्या, मावश्या, काका, शेजारी, मांडव घालणारा, पाणी भरणारी. एकेक नाव घेतलं की चिमटीतला एक दाणा सुपाच्या काठावर सोडायची. टिक्. एवढासा आवाज. पण मांडवात तो ऐकू यायचा. म्हातारे तंद्री लागल्यासारखे मान डोलवायचे. आपलं नाव झालं की माणूस पदर सावरून ताठ बसायचा, जणू आत्ताच त्याला कोणी पाट दिला.

हे सगळं मी विसरले होते म्हणा, किंवा ते उपयोगाचं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

नवरा न्हावा शेवाला क्रेन चालवायचा. ओमानात सलालाच्या बंदरात तेच काम मिळालं, आणि दोन वर्षांनी मीही गेले. पहिल्या दिवशी रस्त्याकडेला नारळाची दुकानं पाहिली, केळीच्या बागा पाहिल्या, आणि मला वाटलं आपण फसवले गेलो, हे तर उरणच्या वाटेवर कुठेतरी आहे. मग वारा फिरला आणि लोबानाचा धूर आला, घराघरांतून येतो तसा, आणि कळलं की घर फार लांब आहे. पुढचे कितीतरी महिने मी दुकानात जाताना काय बोलायचं ते जिन्यातच पाठ करायची.

गणपतीत मराठी मंडळासाठी मोदक वळायला गेले होते, तिथे अनुराधाताई भेटल्या. नवीन पनवेलच्या. इकडे असताना शाळेत शिकवायच्या, तिकडे दर शुक्रवारी मुलांचा मराठीचा वर्ग घ्यायच्या. मी पनवेलच्या बाजूची म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला माझ्याच गावाचा अभिमान वाटला. शुक्रवारी मोकळी असतेस का, विचारलं त्यांनी. मला वाटलं स्वयंपाकाला माणूस हवंय. मी गेले ते कमरेला फडकं खोचून. त्यांनी माझ्या हातात फळ्याचा मार्कर दिला.

तशी मी मदतनीस झाले. पेन्सिलींना टोक काढायचं, लहानांना मांडीवर घेऊन अक्षरं गिरवायची, शेवटी एक गोष्ट सांगायची. दोन तास. पण त्या देशात मला जाण्यासारखी तेवढीच एक जागा होती. तिथे मला 'ताई' म्हणायला शिकवलं होतं पोरांना, जरी ती 'आंटी'च म्हणायची. गुरुवारी रात्रीच मी साडीला इस्त्री करून ठेवायची.

मग अनुराधाताईंची आई पडली आणि त्यांना पनवेलला जावं लागलं. सहा शुक्रवार. वर्गाबद्दल आधीच कुरकुर होती. मुलं यायला तयार नसतात, कशाला ती ओढाताण, एवढ्या वेळात पोहायला तरी जातील. ज्यांच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये वर्ग भरायचा त्या मृणालताई मंडळाच्या सेक्रेटरी, त्यांनाही तसंच वाटायला लागलं होतं. अनुराधाताईंनी विमानतळावरून फोन केला. "एवढंच कर," म्हणाल्या, "मी येईपर्यंत वर्ग बंद पडू देऊ नकोस. एकदा बंद पडला ना, की पुन्हा कोणी उघडत नाही."

मी हो म्हटलं.

पहिला शुक्रवार. त्याबद्दल काय सांगू. अकरापैकी चौघं टेबलाखाली गेली ती बाहेर आलीच नाहीत. आरव नावाच्या मुलाने एसीचा रिमोट लपवला आणि हॉल असा गार केला की लहान तनू रडायला लागली. कोणीतरी माझी चप्पल फ्रीजमध्ये ठेवली. आणि मृणालताईंची मुलगी ईरा, दहा वर्षांची, हुशार, डोळ्यांत सतत काहीतरी चमकणारी, ती माझ्यामागे माझंच वाक्य माझ्याच सुरात म्हणायची. गावचा हेल आहे माझ्या बोलण्याला, घाबरले की तो जास्तच येतो. मी 'नाय' म्हटलं की अकरा तोंडांतून 'नाय' यायचं. मग ईराने हात वर केला, अगदी सभ्यपणे, आणि इंग्रजीत विचारलं की तुम्ही कितवीपर्यंत शिकलात.

मी म्हटलं दहावी.

खोटं बोलले. आणि ते खोटं बोलल्याचं तिला कळलंय असं मला तिच्या डोळ्यांत दिसलं, किंवा मला तसं वाटलं. मग मी ओरडले. इतक्या मोठ्याने की खालचा वॉचमन वर आला. मुलं दोन क्षण गप्प झाली आणि मग हसायला लागली, कारण माझा आवाज मध्येच फाटला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याला फोन केला. तेव्हा तिचा गळा चांगला होता. सगळं सांगितलं, चपलेसकट. चपलेला ती इतकी हसली की फोन सुनेने घेतला आणि विचारलं काय झालं. मग आत्या परत आली फोनवर.

"माज्या मांडवान किती मानसां असतान गो?"

म्हटलं, दोनशे तरी.

"पिलेली असतान, रुसलेली असतान, जेवाला उशीर झाला म्हनून चवताललेली असतान. मी कवा वरडलंय?"

"नाय."

"मंग काय करतंय मी?"

मी विचार केला. "नावां घेतंस."

"हां. आपला नाव कवा येल म्हनून सगली गप बसतान. ज्याचा ऱ्हायला, त्यो जास्ती गप. आनि आयक बाय, ज्यो जास्ती मस्ती करल ना, त्याचा नाव शेवटी घ्यायाचा." मग म्हणाली, "आवाज चढवू नको. उतरव. त्यांना कान पुढं आनाया लागला पायजे."

माझ्याकडे एक छोटं सूप होतं. पनवेलच्या बुरुडाकडून घेतलेलं, जाताना बॅगेत कपड्यांमध्ये गुंडाळून नेलं होतं. दुसऱ्या शुक्रवारी ते घेऊन गेले. फळ्याकडे गेलेच नाही. हॉलच्या मधोमध फरशीवर बसले, सुपात मूठभर तांदूळ घातले आणि हात फिरवत राहिले. मुलांना वाटलं मी तांदूळ निवडतेय. आरव म्हणाला, आंटी कुकिंग करतायत. टेबलाखालची तशीच टेबलाखाली. मी मान वर केली नाही. हळूच सुरू केलं, इतक्या हळू की माझं मलाच जेमतेम ऐकू यावं.

पहिलं गो नाव गावदेवीचं,
दुसरं गो नाव खाडीचं,
तिसरं गो नाव तनूबायचं,
तिला लागली थंडी.

टिक्.

तनूने आपलं नाव ऐकलं आणि रांगत पुढे आली. मग आणखी एक नाव, त्याच्या बुटात वाळू. टिक्. मग आणखी एक, तिच्या डब्यात दोन बिस्किटं, एक चोरलेलं. टिक्. टेबलाखालून डोकी बाहेर आली. आरवने स्वतः एसी बंद केला, कारण त्याच्या घरघरीत दाण्याचा आवाज ऐकू येत नव्हता. त्याचं नाव दहावं घेतलं, 'आरवरायाने रिमोट लपवला, वरातीला स्वेटर घालून या' असं. बाकीची हसली, पण हळू हसली, पुढचं चुकू नये म्हणून. शेवटी एकटी ईरा राहिली. ती भिंतीला टेकून उभी होती, हाताची घडी घालून, मला काही फरक पडत नाही असं दाखवत. मी थांबले. दाणा चिमटीत धरून थांबले. हॉलमध्ये इतकी शांतता मी त्या मुलांची कधी पाहिली नव्हती.

"अँड मी?" ती म्हणाली.

टिक्.

तिथून पुढे ती माझी झील धरणारी झाली. शेवटचा शब्द ती उचलायची, तोच माझा हेल, पण आता त्यात चिडवणं नव्हतं. तो गाण्याचाच सूर आहे असं तिने ठरवून टाकलं होतं. मग मी नियम केला. दर शुक्रवारी घरातलं एक नाव आणायचं आणि त्या माणसाबद्दल एक गोष्ट मराठीत सांगायची, तरच दाणा. पोरं आज्यांना फोन करायला लागली. साताऱ्याची एक पणजी आली जिची म्हैस फक्त तिच्याच हाताला दूध द्यायची. परभणीचे एक आजोबा आले जे सायकलवरून झोपेत पडले. एका मुलाने त्यांच्या कुत्र्याचं नाव आणलं आणि मी ते घेतलं, आमच्या मांडवात बैलाचंही घेतात. सुपाचा काठ भरत चालला होता. घरी येऊन नवऱ्याला सांगताना मी इतकी बोलायची की त्याचं जेवण गार व्हायचं.

आणि तिथेच चूक केली. चौथ्या शुक्रवारी म्हटलं, आता मामाचं नाव आणा. आमच्यात मामाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाताच येत नाही; मामा नाही तर मांडव नाही. ईरा म्हणाली, मला मामा नाही. आणि मी, धवलारणीची भाची, मोठ्या तोऱ्यात म्हणाले की मामा नाही असं कुणाचंच नसतं, घरी आईला विचार.

मृणालताई त्या दिवशी बाहेर गेल्या होत्या. संध्याकाळी त्यांचा फोन आला. ईराने जेवताना सगळ्यांसमोर विचारलं होतं. त्या रागावल्या नव्हत्या, आवाज अगदी सपाट होता, तेच वाईट. मुलांना घरच्या गोष्टी विचारायचं वर्गात काही कारण नाही, म्हणाल्या. पुढच्या शुक्रवारी हॉल मिळणार नाही. अनुराधाताई आल्या की बघू काय करायचं ते.

आता वर्ग बंद. आणि मीच बंद पाडला.

खिडकीतून बंदराच्या क्रेन दिसायच्या, त्यांच्याकडे दोन दिवस बघत बसले. अनुराधाताईंना कळवायचं धाडस होत नव्हतं. मग आत्याला फोन केला. वाटलं होतं ती रागावेल. मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत राहिल्या.

"ता माजा चुकला," म्हणाली शेवटी. "नाव घ्यायाच्या आदी इचारायाचा असतंय. हलदीच्या दिसा मी गावभर का फिरतंय तुना वाटतंय? जिथं रुसवा हाय त्या दारान सूप घेऊन जातंय. घेऊ का नको, इचारतंय. नको बोलले तं नाय घेत. ता मी तुना दावलाच नाय, तू दिव्याकडं ऱ्हायचीस." आणि मग, "जा. सूप घेऊन जा. भांडाया नको, समजवाया बी नको. इचार नि ये."

दुपारची वेळ होती. मी चालतच गेले. रस्त्यावर लोक सुपाकडे बघत होते. मृणालताईंनी दार उघडलं आणि त्याही सुपाकडेच बघत राहिल्या. आत ये म्हणाल्या नाहीत. जिन्यात पाठ केलेली वाक्यं एकही आठवेना, म्हणून जे आलं ते बोलले. म्हटलं, "आमच्यात नाव घेण्याआधी विचारतात, मी विचारलं नव्हतं. तेवढंच विचारायला आले. घेऊ, की नको घेऊ? नको म्हटलंत तर पुन्हा कधी तोंडातून निघणार नाही." आणि मग, माहीत नाही का, पण म्हटलं, "मी दहावी नाही. आठवी. ईराला मी खोटं सांगितलं होतं."

त्यांनी पाणी हवंय का, विचारलं. मी नको म्हटलं आणि आले. वाटेत एका दुकानासमोर लोबान जळत होता आणि मला डोळे पुसायला त्या धुराचं निमित्त मिळालं.

गुरुवारी संध्याकाळी मेसेज आला. 'उद्या दहा वाजता. हॉल उघडा आहे.' एवढाच. इस्त्री केलेली साडी मी पुन्हा इस्त्री केली.

पाचव्या शुक्रवारी आधी मुलांना खरं सांगितलं. मी आठवीपर्यंतच शाळेत गेले. कोणी हसलं नाही. तनूने बोटांवर काहीतरी मोजलं आणि विचारलं, "मग नववीत कधी जाणार?" आरव तिला म्हणाला, गप, त्यांना आपल्याला शिकवायचंय, वेळ कुठाय.

मग सूप घेतलं. मामांची नावं घेतली, ज्यांनी आणली त्यांची. ईराच्या वेळी मी मामा गाळला आणि सरळ तिचं नाव घेतलं. तिने झील उचलली नाही. मान खाली घालून बसली होती. मी दाणा चिमटीत घेतला, आणि स्वयंपाकघरातून भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"संदीप," मृणालताई आतूनच म्हणाल्या.

सगळ्यांनी तिकडे पाहिलं. त्या दारात आल्या, हात ओले, टॉवेल खांद्यावर. "संदीपमामा," ईराकडे बघून म्हणाल्या. "माझ्यापेक्षा लहान. पतंगाचा मांजा घरात करायचा, काच कुटून. सगळ्या घराच्या हातांना पट्ट्या असायच्या." बस्. पुढे काही नाही. का बोलत नाहीत, किती वर्षं झाली, मी विचारलं नाही. आत्याने सांगितलं होतं, विचार नि ये.

मी नाव घेतलं. दाणा सोडला. आणि ईराने झील अशी उचलली की भिंतीला लागून परत आली.

अनुराधाताई आल्या तेव्हा वर्गात चौदा मुलं होती. त्यांनी सुपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खुर्ची बाजूला सरकवून खाली बसल्या. आता दर शुक्रवारी पहिला अर्धा तास माझा. सुट्टीवर येताना मुलांनी मला निरोप दिला तो काय, तर सूप लपवून ठेवलं, मी परत यावं म्हणून. ते अजून मृणालताईंच्या फ्रीजवर आहे. चपलेपेक्षा बरी जागा.

हे सगळं मला आत्याला समोर बसून सांगायचं होतं. फोनवर सांगितलं होतं तुकड्या-तुकड्याने, पण समोर बसून. आले तर आत्याचा आवाज गेलेला. मधल्या वर्षात बसला तो उठलाच नाही. आता ती कुजबुजल्यासारखं बोलते, आणि तेही थोडंच. ऐकायचं तर तिच्या तोंडाशी कान न्यावा लागतो. गेले दहा दिवस मी तेच करतेय. शंभर पानी वही आणलीय पनवेलच्या बाजारातून. ती एक ओळ सांगते, मी लिहिते, मग विमान जातं, मग पुढची ओळ. हळदीचा धवला झाला, तेलाचा झाला, मांडवाचा अर्धा झाला. पाठवणीचा अजून खूप लांब आहे. माझं अक्षर वाईट आहे, पण माझं मला लागतं.

काल लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं. इतकी नावं. देवांची, खाडीची, मामांची, पाणी भरणारीचं, बैलाचं. मी वही मागे उलटत गेले. मग तिला विचारलं, आत्या, तुझं नाव कुठेय यात?

ती हसली. आवाज न करता, नुसते खांदे हलले. मला जवळ बोलावलं.

"धवलारनीचा नाव धवल्यान नसतंय गो बाय," म्हणाली. "तिचा कोन घेल? ती घेत असते."

मी दारामागचं सूप काढलं, पिशवीचं रबर सोडलं. स्वयंपाकघरातून मूठभर तांदूळ आणले. तिच्या पुढ्यात बसले, आणि तिनेच शिकवल्याप्रमाणे आधी विचारलं. "तुझं घेऊ का?"

आत्या बराच वेळ तांदळावर हात फिरवत राहिली. एक खडा सापडला तो काढून बाजूला ठेवला.

"आदी पुरा पाठ कर," म्हणाली. "मंग बगू."

आत्या, हे तू नको म्हटलेलं नाहीस, हे मी लक्षात ठेवलंय. पुढच्या सुट्टीत पाठवणीपर्यंत येईन, त्याच्या पुढच्या सुट्टीत वहीशिवाय म्हणून दाखवीन. तुझ्या नातीचा मांडव उभा राहील तेव्हा पाटावर मी बसेन, दिवा तू बघायचा. गावदेवीचं नाव घेईन, खाडीचं घेईन, आणि मामाच्याही आधी, सगळा मांडव गप्प झाला की, एक दाणा तुझ्या नावाचा सोडीन. ऐकू येईल तुला. आवाज चढवणार नाही मी.